पहिला नांगर कुणाचा, जमीन कुणाची?

गणपतीला गावी आलेले मुंबईकर रात्री पडवीत बसले की गुहागर तालुक्यात एक प्रश्न हमखास निघतो. डोंगरच्या डोंगर ओस पडले होते, वरकस जमिनीला कुणी विचारत नव्हतं, पाऊस तर बदाबदा पडतो. मग आमचे आजे-पणजे मुंबईच्या गिरण्यांत राबायला का गेले? इथेच नवी खाचरं का काढली नाहीत? प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात बहुधा एक उत्तर आधीपासून असतं: कोकणी माणूस आळशी, नाहीतर त्याला शेतीची हौस नाही. हे उत्तर साफ चुकीचं आहे. ते का चुकीचं, हे समजून घ्यायला एक लांबचा रस्ता धरू. तो अमेरिकेतल्या एका कादंबरीवरून जातो आणि वाशिष्ठीच्या मुखावर, अंजनवेलला पोचतो.

१. फुकट जमीन कशी मिळायची

विला कॅथर ही अमेरिकन लेखिका १८७३ साली व्हर्जिनियात जन्मली. ती नऊ वर्षांची असताना, १८८३ मध्ये, तिच्या घरच्यांनी नेब्रास्का राज्याची वाट धरली. तिथे झाड म्हणून दिसायचं नाही. क्षितिजापर्यंत नुसतं गवत. या गवताळ मुलखाला प्रेअरी म्हणतात. शेजारी राहायला आलेले लोक नॉर्वे, स्वीडन, बोहेमिया, रशिया अशा देशांतून आलेले. बोहेमिया म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाचा पश्चिम भाग. या शेजाऱ्यांवर कॅथरने पुढे कादंबऱ्या लिहिल्या. त्यातली ‘माय अँटोनिया’ १९१८ साली आली आणि शतक उलटलं तरी वाचली जाते.

एवढे लोक तिथे कशाला गेले? त्यामागे एक कायदा होता. मे १८६२ मध्ये अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी ‘होमस्टेड’ कायद्यावर सही केली. घरबांधणी आणि शेती करणाऱ्याला त्या कायद्याने १६० एकर सरकारी जमीन मिळायची. आपल्या हिशेबात ६,४०० गुंठे. किरकोळ फी भरायची, जमिनीवर राहायचं, कसायचं, आणि पाच वर्षांनी मालकीचा कागद घ्यायचा. २१ वर्षं पूर्ण झालेली अविवाहित बाईसुद्धा अर्ज करू शकत होती. परदेशातून आलेल्यानेही नागरिक व्हायचा इरादा सरकारदरबारी नोंदवला की पुरे.

शिवाय रेल्वे कंपन्यांना सरकारने रुळांच्या दोन्ही अंगांना अफाट जमिनी दिल्या होत्या. त्या विकायला कंपन्या युरोपातल्या भाषांत जाहिराती छापत. त्यामुळे काहींना जमीन सरकारकडून फुकट मिळाली, काहींनी कंपनीकडून हप्त्याने घेतली, आणि काहींनी आधी आलेल्याचा हक्क पैसे मोजून विकत घेतला. कॅथरच्या गोष्टीतलं शिमर्दा कुटुंब या शेवटच्या प्रकारातलं.

२. जमिनीतलं घर

क्रायेक नावाचा एक गाववाला आधीच तिथे येऊन बसला होता. त्याने आपला होमस्टेड शिमर्दांच्या गळ्यात मारला, तोही योग्य किमतीपेक्षा जास्त पैसे घेऊन. शिमर्दांना इंग्रजीचा गंध नाही, आणि दोन्ही भाषा येणारा जवळपास एकटा क्रायेकच. म्हणजे ज्याने फसवलं त्याच्याच तोंडून जगाशी बोलायचं. मुंबईत नवा उतरलेला माणूस ज्या मुकादमाच्या हाती पडायचा त्याची आठवण व्हावी असा हा प्रकार.

त्यांचं घर म्हणजे ओहोळाच्या काठात खणलेलं बीळ. लाकूड नाही, दगड नाही, तर जमीनच पोखरायची. काहीजण गवताच्या मुळांसकट मातीचे ठोकळे कापून त्यांच्या भिंती रचत, पण शिमर्दांकडे तेवढंही नव्हतं. घराच्या मागच्या भिंतीत आणखी एक भोक होतं, त्यात शिमर्दांची मुलगी अँटोनिया आणि तिची धाकटी बहीण झोपायच्या. तिच्या वडिलांचा पेशा विणकामाचा, जीव सारंगीसारख्या वाद्यात, शेती कधी केलेली नाही. पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी गोठ्यात जीव दिला. आत्महत्या केलेल्याला नॉर्वेजियन लोकांनी आपल्या दफनभूमीत जागा नाकारली. तेव्हा त्यांना त्यांच्याच जमिनीच्या कोपऱ्यात पुरलं.

या भागातला एक लहानसा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. शेजारच्या घरून, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या जिमच्या आजीकडून, शिमर्दांना खाण्याचं सामान येतं. त्याची परतफेड म्हणून अँटोनियाची आई एका पिशवीतून काळपट, सुकलेल्या चकत्या मोजून देते. त्यांचा वास रानटी. आजीला त्या काय आहेत कळत नाही, भीती वाटते, आणि ती सगळं चुलीत टाकते. फार वर्षांनी जिमला उमगतं की त्या बोहेमियाच्या रानातल्या सुकवलेल्या अळंब्या होत्या, एवढ्या लांबून सांभाळून आणलेल्या. जे घरातलं सर्वात मोठं धन होतं ते त्या बाईने दिलं होतं. गावाहून परळला जाताना ट्रंकेत सोलं आणि कुळथाचं पीठ बांधून नेणाऱ्या कुठल्याही बाईला हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही.

वडील गेल्यावर अँटोनिया नांगर धरते. जिम शाळेत जातो, ती जात नाही. आणि कादंबरीच्या शेवटी, वीस वर्षांनी जिम तिला भेटायला येतो तेव्हा ती मुलाबाळांच्या गोतावळ्यात, स्वतःच्या फळबागेत उभी असते. मुलं त्याला जमिनीखालच्या कोठारात नेतात. तिथे पिंपांत लोणची आणि काचेच्या बरण्यांत चेरी भरून ठेवलेली. सुरुवातीला जमिनीखाली उपाशी कुटुंब होतं. शेवटी तिथे वर्षभराचा साठा आहे. कॅथरने हे मुद्दाम सांगितलेलं नाही, पण ही दोन तळघरं शेजारी ठेवून पाहिली की सगळी कादंबरी हातात येते.

अँटोनियाचा नवरा कुझाक जिमला जमिनीचा हिशेब सांगतो. घेतली तेव्हा एकरी २० डॉलर दिले, आता १०० डॉलर द्यायला लोक तयार आहेत, आणि जमीन कर्जमुक्त आहे. समजा ती १६० एकर होती. तर ३,२०० डॉलरची जमीन १६,००० डॉलरची झाली. वाढलेले १२,८०० डॉलर कुणाचे? पूर्णपणे कुझाक आणि अँटोनियाचे. त्यांनी झाडं लावली, पाणी घातलं, दुष्काळात तग धरला, आणि त्या कष्टातून वाढलेली किंमत त्यांच्याच नावावर पडली. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

३. ‘मोकळी’ जमीन

एक गोष्ट इथे सोडून पुढे जाता येत नाही. नेब्रास्काची जमीन मोकळी नव्हती. तिथे पॉनी आणि इतर आदिवासी जमाती राहत, शिकार करत, मका पिकवत. करारांनी त्यांच्या जमिनी आक्रसत गेल्या आणि १८७० च्या दशकात पॉनींना दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. कॅथरचं कुटुंब आलं ते त्यानंतर थोड्याच वर्षांनी. कादंबरीत या लोकांची खूण म्हणून फक्त गवतात उमटलेलं एक मोठं वर्तुळ आहे, जिथे ते पूर्वी घोडे फिरवत. त्याहून जास्त जागा कॅथरने त्यांना दिली नाही. ही त्या कादंबरीची उणीव आहे, आणि ती मोठी आहे.

४. खोत म्हणजे नेमका कोण?

आता वाशिष्ठीकडे येऊ. चिपळूणवरून येणाऱ्या या नदीला वाटेत खेडकडून आलेली जगबुडी मिळते, आणि मुखाशी उत्तरेला दाभोळ, दक्षिणेला अंजनवेल. अंजनवेल आज गुहागर तालुक्यातलं एक गाव आहे, पण इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला इथल्या आख्ख्या तालुक्याला त्याचं नाव होतं. गावावरच्या गोपाळगडाने सिद्दी पाहिला, तुळाजी आंग्रे पाहिले, पेशवे पाहिले, आणि १८१८ मध्ये इंग्रज. प्रत्येक सत्तेला सारा हवा होता. डोंगर-दऱ्या आणि खाड्यांनी तुटलेल्या मुलखात घरोघर सारा गोळा करणं कुठल्याच सत्तेला परवडणारं नव्हतं. म्हणून सगळ्यांनी एकच वाट धरली: गावच्या साऱ्याची जबाबदारी एका माणसाने घ्यायची. तो माणूस खोत.

खोताचं मूळ काम दोन भागांचं होतं. ठरलेला सारा सरकारात भरायचा, आणि पडीक जमिनीवर माणसं बसवून ती लागवडीला आणायची. दुसरं काम नीट पाहिलं तर रेल्वे कंपनीच्या कामासारखंच आहे. फरक एवढाच, आणि तो सगळ्यात मोठा, की कंपनी शेवटी जमीन विकून मोकळी व्हायची. खोत मोकळा झाला नाही. काही घराण्यांची खोती वतनी होती, पिढ्यान् पिढ्या चालणारी. काहींनी ती इजाऱ्याने घेतलेली, पण कालांतराने तीही घरात मुरली. राज्यं बदलली, खोत तोच राहिला.

कुणबी, मराठा, महार, मुसलमान, ज्यांनी ती जमीन प्रत्यक्ष कसली ते खोताचं कूळ. हे नातं मुंबईच्या चाळीच्या उदाहरणाने चटकन कळतं. चाळ मालकाची, म्हणजे सरकारची. खोली मुख्य भाडेकरूच्या नावावर, तो खोत. त्या खोलीत खरं राहणारा पोटभाडेकरू, ते कूळ. ओटा त्याने बांधला, भिंतीला गिलावा त्याने केला, पण भाड्याची पावती फाटते ती दुसऱ्याच्या नावाने.

सरसकट सगळं कोकण असं नव्हतं, हेही सांगायला हवं. काही गावांत धारेकरी होते. ते सरकारला थेट धारा भरत आणि जमीन त्यांचीच असे. पण रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागात, म्हणजे दापोली, खेड, चिपळूण, गुहागर या पट्ट्यात, खोती गावांचंच प्रमाण मोठं होतं.

५. खाचर कुणी बांधलं

प्रेअरीवर जमीन सपाट आणि पाऊस कमी, वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर. आपल्याकडे ३,००० च्या वर, आणि जमीन उतरती. इथे भाताची जमीन आयती मिळत नाही, ती तयार करावी लागते. उतारावर दगडांची ताल रचायची, मागे माती अडवायची, पाणी एका खाचरातून दुसऱ्यात उतरेल अशी वाट ठेवायची. खाडीकाठी तर आणखी कठीण. खाजण काढायचं म्हणजे भरतीचं खारं पाणी रोखणारा बांध घालायचा आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर जाईल अशी मोरी ठेवायची. मग दोन-तीन पावसाळे मीठ धुपून जायची वाट पाहायची. बांध एकदा फुटला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. चढावरच्या वरकसात नाचणी आणि वरी, तीही काही वर्षं पिकवून जमीन विसाव्याला सोडायची. भाताच्या तरव्यासाठी राब भाजायला लागणारा टाळ आणि गवत याच वरकसातून यायचं. तेव्हा ज्याला आपण ओस डोंगर म्हणतो तो शेतीचाच भाग होता, आणि त्यावरही खोताचा हक्क लागायचा.

आता एक हिशेब करू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, पद्धत खरी. एका कुळाला २० मण, म्हणजे एक खंडी भात झालं. सर्रास चाललेली वाटणी अर्धेलीची, म्हणून १० मण खोताच्या घरी. उरलेल्या १० मधून बियाण्याला एक मण काढला तर नऊ मणांवर घर वर्षभर जगवायचं. वरकसातल्या नाचणीतूनही तिसरा हिस्सा जायचा. शिवाय खोताच्या शेतावर वेठीचे दिवस भरायचे ते वेगळेच.

कुळाने आता हिवाळा-उन्हाळा राबून एक नवं खाचर बांधलं आणि भात २४ मण झालं. वाढलेल्या चार मणांतले दोन खोताचे. बांध घालायला खोताने एक दगड उचललेला नाही, बैल दिले नाहीत, तरी अर्धी वाढ त्याची. आणि कूळ साधं असेल, वहिवाटीचा हक्क नसेल, तर पुढच्या वर्षी ते खाचर त्याच्याकडे राहील याचीही खात्री नाही. त्याच वेळी दाभोळ बंदरातून मुंबईची आगबोट सुटत होती, आणि गिरणीत मिळालेला पगार, कितीही तुटपुंजा असला तरी, अर्ध्यात वाटावा लागत नव्हता. गिरणीच्या काळात रत्नागिरी जिल्ह्याने मुंबईला इतर कुठल्याही जिल्ह्यापेक्षा जास्त कामगार दिले. पडवीतल्या प्रश्नाचं उत्तर या चार मणांत आहे. नवी जमीन काढण्यात कुळाचा पुरेसा फायदा नव्हता. कष्टाला कोकणी माणूस कधी मागे हटला नाही. ज्या कष्टाचं फळ आपल्या दारात राहणार नाही त्याला त्याने पाठ फिरवली, आणि ते शहाणपणाचं होतं. कुझाकला हाच हिशेब लावा: १२,८०० डॉलरपैकी ६,४०० दुसऱ्याच्या घरी गेले असते, तर त्याने फळबाग लावली असती का?

६. कायदा किती उशिरा आला

इंग्रज सरकारने १८८० मध्ये खोती कायदा केला. ज्या कुळाने १८४५–४६ पासून जमीन सलग कसली असेल त्याला कायमचं कूळ मानायचं, अशी त्यात तरतूद होती. ३५ वर्षांची वहिवाट निरक्षर कुळाने दाखवायची कशी? दप्तर तर खोताच्या घरात. अँटोनियाच्या घरच्यांना क्रायेकवाचून तोंड नव्हतं. इथे कुळाला खोताच्या दप्तरावाचून पुरावा नव्हता.

कुलाबा जिल्ह्यात चरी आणि आसपासच्या गावांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने १९३३ पासून काही वर्षं खोतांविरुद्ध, जमिनी कसायच्याच नाहीत असा संप केला. हा देशातला एक असामान्य लढा आहे आणि शाळेच्या पुस्तकात त्याला पानभर जागा मिळायला हवी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, आणि १० जानेवारी १९३८ ला मुंबईत शेतकऱ्यांचा प्रचंड मोर्चा नेला. त्यात कोकणातली कुळंही होती. विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही. खोती संपवणारा कायदा व्हायला १९४९ साल उजाडलं. १९४८ च्या कुळकायद्यात पुढे दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७, म्हणजे कृषक दिनापासून, कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मानीव खरेदीदार ठरवलं गेलं. होमस्टेड कायद्यानंतर ९५ वर्षांनी.

७. गोष्ट कोण सांगतं

कादंबऱ्यांकडे परत येऊ. वाशिष्ठीला मिळणाऱ्या त्याच जगबुडीच्या काठी, खेड तालुक्यात, तुंबाड आहे. श्री. ना. पेंडशांची दोन खंडांतली ‘तुंबाडचे खोत’ १९८७ साली आली. एका खोत घराण्याच्या चार पिढ्या त्यात आहेत. त्याआधी १९५२ मध्ये त्यांनी ‘गारंबीचा बापू’ लिहिली होती. अण्णा खोतांचा दरारा असलेल्या गावात गरीब घरातला एक हट्टी पोर उभा राहतो, ही तिची गोष्ट. पेंडसे १९१३ साली दापोली तालुक्यातल्या मुर्डीत जन्मले, लहानपणीच मुंबईला आले, बेस्टमध्ये नोकरी केली आणि लिहीत राहिले ते कोकणावर. कॅथर न्यूयॉर्कमध्ये राहून नेब्रास्कावर लिहीत होती, तसंच.

दोघांत याहून खोल साम्य आहे. ‘माय अँटोनिया’ अँटोनिया सांगत नाही, जिम सांगतो. आसपासचे सगळे मातीच्या घरांत आणि बिळांत राहत असताना जिमच्या आजोबांचं घर लाकडी होतं. पुढे तो वकील झाला, तोही एका मोठ्या रेल्वे कंपनीचा. ज्या कंपन्यांनी त्या जमिनी विकल्या त्यांच्याच बाजूचा माणूस नांगर धरणाऱ्या मुलीची गोष्ट सांगतो. ‘तुंबाडचे खोत’ मध्येही ओसरी खोताची आहे. पेंडशांनी ते घर आतून, त्याच्या मस्तीसकट आणि पडझडीसकट दाखवलं, त्यात कुठे लाड केले नाहीत. मराठीत जमिनीची एवढी मोठी कादंबरी क्वचितच आहे. तरी खोताच्या ओसरीवरून कुळाचं खाचर दिसतं ते लांबून. ताल रचताना बोटांना काय होतं, अर्धेली मापून दिल्यावर कणगीत किती उरतं, हे त्या ओसरीवरून पुरतं दिसत नाही. अँटोनियाला निदान शेवटी आपल्या बरण्या दाखवायला मिळाल्या, आणि कुझाकला आपला हिशेब सांगायला मिळाला. आपल्याकडच्या कुणबिणीचा तो हिशेब तितक्याच ऐसपैस कादंबरीत यायला हवा.

८. कागदावर शोधायचं कुठे

कुळाचा हा हिशेब शोधायला अंजनवेलसारखी दुसरी जागा नाही. १९९० च्या दशकात एन्रॉनच्या वीज प्रकल्पाला अंजनवेल, वेलदूर, राणवी भागातल्या जमिनी गेल्या. प्रकल्पाला नाव पलीकडच्या दाभोळचं, जमीन अलीकडची. भूसंपादनाचा मोबदला कागदावरच्या नावाने मिळतो, म्हणून त्या वर्षांत घराघरांत जुने उतारे बाहेर आले. गोपाळगडाचंच पाहा. तटाच्या आत आंब्याची कलमं, आणि कित्येक दशकं आख्खा किल्लाच खासगी मालकीचा.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा यांचा एकत्र उतारा. सातमध्ये जमीन कुणाच्या नावे, बारामध्ये पीक काय. वाचताना भोगवटादाराचं नाव पाहून थांबू नका. ‘इतर हक्क’ हा रकाना पाहा. तिथे एखाद्या जुन्या कुळाचं नाव असेल, किंवा ‘कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र’ अशी ओळ असेल. ही ओळ दिसली की समजावं, ही जमीन कुणीतरी कूळ म्हणून कसली आणि कायद्याने खरेदी केली. मग त्या नोंदीचा फेरफार क्रमांक घेऊन तलाठ्याकडे किंवा तालुक्याच्या अभिलेख कक्षात जुना फेरफार मागावा. कुळकायद्याच्या कलम ३२ ग खाली चाललेल्या चौकशीचे कागद मिळाले तर त्यांत कुळाचा जबाब असतो: जमीन किती वर्षं कसतो, खंड काय देतो, कुणाला देतो. शेवटी बहुधा सहीच्या जागी अंगठा. खोतीच्या काळात तोंड नसलेल्या माणसांचं बोलणं लिहून ठेवलेले हे फार थोडे कागद आहेत. अंजनवेल-वेलदूरच्या घरांत माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्यांत असे कागद, मनिऑर्डरीच्या पावत्या, गिरणीची कार्डं असतील, तर पावसाळ्याआधी ती पेटी खाली उतरवा, प्रत्येक कागदाचा फोटो काढून ठेवा, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून कुठला बांध कुणी घातला ते नाव-गावासकट लिहून घ्या.